जुने गेम जपणारे रिकामटेकडे नाहीत, मंडळी!

मंडळी, परवा मी 'मंकी आयलंड' या जुन्या कॉम्प्युटर गेमबद्दल चार ओळी टाकल्या आणि गंमत झाली. राजकारणावर लिहिलं की जे वाचक गप्प असतात ते एकदम बोलायला लागले. एकाला तो गेम त्याच्या नव्या लॅपटॉपवर चालवायचा होता, दुसऱ्याने लगेच त्याला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ते सांगितलं, तिसऱ्याला पंचवीस वर्षांपूर्वी कुठे अडकलो होतो ते आठवलं. सगळं छान चाललं होतं. मग आपल्या गावातल्या एका जाणत्या माणसाने फोन करून सुनावलं, "चाळिशी उलटली तरी पोरांचे खेळ घेऊन बसलाय. पाणी चार दिवसांआड येतंय, त्यावर लिहा की."

पाण्यावर मी लिहितोच, दर उन्हाळ्यात लिहितो, आणि उत्तर कोण देतं हेही सगळ्यांना माहीत आहे. पण आज मुद्दाम गेमवरच लिहिणार. कारण हा विषय पोरखेळाचा नाहीच. एखादा समाज आपल्या वस्तू जपतो की भंगारात घालतो, आणि जपणाऱ्याला शाबासकी देतो की चोर ठरवतो, याचा हा विषय आहे.

आधी ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अॅडव्हेंचर गेम म्हणजे ढिशूम-ढिशूम नव्हे. गोष्ट असते, तुम्ही त्यातलं पात्र असता, आणि डोकं चालवून पुढे जायचं असतं. सुरुवात झाली ती विल क्राउदर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरपासून. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर काम करणारा हा माणूस. गुहा धुंडाळायचा त्याला नाद होता. घटस्फोटानंतर मुली दुरावल्यासारख्या वाटल्या, म्हणून त्यांना खेळता येईल असा एक गेम त्याने १९७५-७६ च्या सुमारास लिहिला. केंटकी राज्यातल्या खऱ्या गुहेवर बेतलेला. चित्रं अजिबात नाहीत. कॉम्प्युटर दोन ओळी लिहिणार, तुम्ही 'टेक लॅम्प' असे दोन शब्द टाइप करायचे. १९७७ मध्ये डॉन वूड्स या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याने त्यात भर घातली आणि तो गेम साऱ्या विद्यापीठांत पसरला.

त्यावरून 'झॉर्क' आला. १९८० मध्ये रोबर्टा आणि केन विल्यम्स या नवरा-बायकोने 'मिस्ट्री हाउस'मध्ये चित्रं आणली, १९८४ मध्ये 'किंग्ज क्वेस्ट' आणला. १९८७ मध्ये लुकासफिल्मच्या रॉन गिल्बर्टने 'मॅनिअॅक मॅन्शन' काढला. त्यासाठी जी यंत्रणा बनवली तिचं नाव स्कम. टाइप करायची कटकट गेली, माउसने क्लिक करा. त्यावरच १९९० मध्ये 'मंकी आयलंड' झाला, तोंडाने टोमणे मारत तलवारबाजी करायचा तो.

आमच्यासारख्या मराठी माध्यमातल्या पोरांना हे गेम तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये भेटले, आणि तेही दहा वर्षं उशिरा. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरून आलेले. सोबत ना खोका, ना पुस्तिका. सर जेवायला गेले की डिक्शनरी मांडीवर घेऊन आम्ही खेळायचो. 'लँटर्न' म्हणजे कंदील हे मला शाळेने नाही, गेमने शिकवलं. आणि अडकलो की अडकलो. विचारायचं कुणाला? 'किंग्ज क्वेस्ट'च्या पाचव्या भागात मांजर उंदराच्या मागे लागतं, तेव्हा बूट फेकून उंदराला वाचवावं लागतं. नाही वाचवलं तर पुढे तळघरात तुम्हाला बांधून ठेवतात तेव्हा दोर कुरतडायला कुणी येत नाही. खेळ संपला! आणि चूक कुठे झाली ते कळायला मार्ग नाही. १९९९ च्या 'गॅब्रिएल नाइट ३'मध्ये तर मांजराचे केस चिकटवून खोटी मिशी करायची असते, ती ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मुळात मिशीच नसताना! तेव्हा शिव्या घातल्या, आज तेच आठवून आमची पिढी खो खो हसते. कुणी म्हणेल, हा नॉस्टॅल्जिया. असू दे की. पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

हे गेम आज तुमच्या कॉम्प्युटरवर तसेच टाकले तर चालत नाहीत. का, ते समजून घ्या. १९८१ चा आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. त्या काळच्या अनेक प्रोग्रामरनी वेळ मोजायला घड्याळ वापरलंच नाही, 'इतके आकडे मोज आणि मग पुढचं पाऊल टाक' असं लिहून ठेवलं. कॉम्प्युटर वेगवान झाले तसे आकडे डोळ्याची पापणी लवायच्या आत मोजून व्हायला लागले. १९९१ च्या 'स्पेस क्वेस्ट ४'मध्ये एका मॉलमध्ये पोलीस मागे लागतात. वेगवान मशीनवर ते इतके जोरात येतात की पळताच येत नाही. जुन्या डब्यांवर 'टर्बो' नावाचं बटण असायचं, आठवतंय? ते वेग वाढवायला आहे असं आपल्याला वाटायचं. खरं तर ते होतं जुन्या प्रोग्रामसाठी मशीन हळू करायला.

वेगाबरोबर मेमरीचंही दुखणं. डॉसला सरळ वापरता यायची ती फक्त ६४० केबी. माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर, साउंडचा ड्रायव्हर सगळे त्यातच घुसायचे आणि गेमला जागा उरायची नाही. मग 'कॉन्फिग' आणि 'ऑटोएक्झेक' या दोन फाइलींत एकेक ओळ खालीवर करत बसायचं. आवाज येत नसेल तर साउंड ब्लास्टर कार्डचा पत्ता २२०, आयआरक्यू ५ की ७, डीएमए १ असं अंधारात चाचपडायचं. आणि नव्या विंडोजने तर डॉसचा हा सगळा संसारच मोडीत काढला.

मग हे दुरुस्त कुणी केलं? ज्या कंपन्यांनी पैसे घेतले त्यांनी? एखाद-दुसरा अपवाद सोडला तर नाही. काही कंपन्या बुडाल्या, काही विकल्या गेल्या, काहींच्या नव्या मालकाला आपल्या कपाटात काय आहे याचाच पत्ता नव्हता.

दुरुस्त केलं ते चाहत्यांनी. २००१ मध्ये लुडविग स्ट्रिगियस या स्वीडिश पोराने आणि त्याच्या साथीदाराने 'स्कमव्हीएम' सुरू केलं. गेमच्या फाइली तुमच्याच, पण त्या वाचणारं इंजिन त्यांनी नव्याने लिहिलं. मूळ सोर्स कोड हाती नसताना! एकेक आज्ञा काय करते ते तपासून, ताडून पाहून. २००२ मध्ये 'डॉसबॉक्स' आलं. ते तुमच्या लॅपटॉपच्या आत एक खोटा, हळू चालणारा जुना पीसी उभा करतं. गेम फार जोरात पळतोय? कंट्रोल दाबून एफ-११ दाबा, वेग कमी होतो. हळू चालतोय? कंट्रोल आणि एफ-१२. (परवा ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर मिळालं ना? 'मंकी आयलंड' असेल तर मात्र स्कमव्हीएमच घ्या, तिथे ही भानगडच नाही.) ही माणसं दिवसा नोकरी करतात आणि रात्री कुणा अनोळखी माणसाचा तीस वर्षांपूर्वीचा गेम सोडवून देतात. फुकट.

आता यातला विनोद पाहा. आज हेच जुने गेम अधिकृतपणे ऑनलाइन विकले जातात तेव्हा आत बऱ्याचदा डॉसबॉक्स किंवा स्कमव्हीएमच असतं. म्हणजे चाहत्यांनी रस्ता बांधला आणि टोलनाका कंपनीने टाकला! ते कायदेशीर आहे, परवान्यात तशी मुभा आहे, माझी तक्रार नाही. पण २००८ च्या सुमारास मुलांचे काही गेम निन्टेंडोच्या वी मशीनसाठी आले, त्यांत स्कमव्हीएम वापरलं होतं आणि परवान्याच्या अटी पाळल्याच नव्हत्या. चाहत्यांनी पकडलं, शेवटी तडजोड करावी लागली. मग मला सांगा, चोर कोण?

सज्जन कंपन्याही आहेत, त्यांचं नाव घेतलंच पाहिजे. इंग्लंडच्या रिव्होल्यूशन कंपनीने 'बिनीथ अ स्टील स्काय' हा आपला १९९४ चा गेम २००३ मध्ये सगळ्यांसाठी मोफत केला. कंपनी बुडाली नाही, उलट तिला नवे चाहते मिळाले. टिम शेफरचा १९९८ चा 'ग्रिम फँडँगो' २०१५ मध्ये नव्याने आला, तेव्हा एका चाहत्याने आधीच बनवलेली माउसची सोय त्यात सन्मानाने घेतली गेली. असंही करता येतं.

पण कायदा काय म्हणतो? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला. २०१० च्या आधी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. शंभरातले सत्त्याऐंशी! विकत घ्यायची तयारी असली तरी दुकानच नाही. यावर ग्रंथालयांनी मागणी केली की निदान अभ्यासकांना तरी हे गेम दुरून, ऑनलाइन पाहू द्या. गेम उद्योगाच्या संघटनेने विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मागणी फेटाळली गेली. कारण काय, तर लोक अभ्यासाच्या नावाखाली मजेसाठी खेळतील! उद्या ग्रंथालयात कादंबरी मजेसाठी वाचली म्हणून वाचकाला बाहेर काढणार का?

अमेरिकेत कंपनीच्या कामावर कॉपीराइट ९५ वर्षं. म्हणजे १९९० चा 'मंकी आयलंड' २०८५ संपल्यावर मोकळा होणार. फ्लॉपी तोवर टिकेल? चुंबकी थर आहे तो, काही दशकांत उडतो. आपल्या दमट हवेत तर बुरशी आधी चढते. कायदा म्हणतो थांबा, आणि वस्तू म्हणते मी चालले.

भारतात फार वेगळं आहे असं समजू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअर हे साहित्यकृतीतच मोडतं. २०१२ च्या दुरुस्तीने ५२व्या कलमात एक चांगली सोय आली. सार्वजनिक ग्रंथालयाला जतन करण्यासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. पण अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत आधीच हवी. म्हणजे पोथी असेल तर जपा. फ्लॉपी किंवा सीडी? ती मुळातच डिजिटल, म्हणजे या सोयीच्या बाहेर! जी वस्तू सगळ्यात लवकर मरते तिलाच औषध नाही. आणि ६५-अ कलमाप्रमाणे कॉपीराइटच्या हक्कांवर डल्ला मारण्यासाठी सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी सूट आहे, पण ते कुलूप तोडायला दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्याच्या नाव-पत्त्याची नोंद ठेवायची. कुठल्या तालुक्याचा ग्रंथपाल या भानगडीत पडेल?

आता तुमचा आक्षेप मला ऐकू येतोय. "म्हणजे पायरसी चालू द्यायची का?" नाही. जो गेम आज विकत मिळतो तो विकत घ्या. बनवणाऱ्याचं पोट त्यावर आहे. मी पत्रकार आहे, माझ्या बातम्या नाव काढून ढापल्या जातात तेव्हा काय वाटतं ते मला चांगलं कळतं. पण जो गेम वीस वर्षं कुणी विकतच नाही, त्याची प्रत करून ठेवल्याने कुणाच्या ताटातली भाकरी जाते?

दुसरा आक्षेप, "गेमच तो, हरवला तर हरवला." अगदी हेच आपण सिनेमाबद्दल म्हणायचो. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१. त्याची आज एकही प्रत जगात उपलब्ध नाही. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे फक्त काही तुकडे उरलेत, आणि तेही उरले कारण पी. के. नायर नावाच्या वेड्या माणसाने पुण्याच्या फिल्म अर्काइव्हसाठी दारोदार फिरून डबे गोळा केले. त्या काळच्या शहाण्यांना तेही रिकामटेकडेपण वाटलं असणार. आज आपण त्यांचं नाव आदराने घेतो.

आणि योगायोग पाहा. क्राउदरने लिहिलेला मूळ गेम, वूड्सने हात लावायच्या आधीचा, कायमचा हरवला असंच सगळे धरून चालले होते. २००५ मध्ये तो सापडला. कुठे? वूड्सच्या विद्यार्थिदशेतल्या स्टॅनफर्डच्या खात्याच्या जुन्या बॅकअपमध्ये. कुणीतरी तो बॅकअप पुसला नव्हता, एवढ्यावर एका कलाप्रकाराचा जन्मदाखला वाचला.

तिसरा आक्षेप आपल्या जाणत्या माणसाचा: "गावाशी याचा काय संबंध?" सांगतो संबंध.

२००५ च्या जुलैमध्ये कृष्णाकाठाला महापूर आला. तेव्हा मी ज्या स्थानिक दैनिकात होतो तिथे पंधरा दिवस आम्ही गल्लीगल्लीतलं पाणी मोजून छापलं. कुठल्या घराला किती फूट, कुठला रस्ता कधी बंद. २०१९ ला पुन्हा पूर आला, २००५ पेक्षा मोठा. तेव्हा त्या जुन्या नोंदींची गरज पडली. पाणी आधी कुठून शिरतं, हे त्यात लिहिलेलं होतं. छापील अंकांची फाइल आधीच रद्दीत गेलेली, 'सीडीवर आहे ना' म्हणून. सीडी मिळाली. उघडली तर पेजमेकरच्या फाइली, आजचं कुठलंच सॉफ्टवेअर त्या उघडेना. कशीबशी मजकुराची फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा! कारण तो मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. 'क' दिसण्यासाठी आत भलतंच रोमन चिन्ह, आणि प्रत्येक कंपनीच्या फाँटची जुळणी वेगळी. फाँट नाही तर मराठी नाही.

म्हणजे १९९० मधला अमेरिकेतला चाच्यांचा गेम माझ्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत सुरू होतो, आणि माझ्याच गावच्या २००५ च्या पुराची मराठी बातमी उघडत नाही! लाज कुणाला वाटायला पाहिजे?

शेवटी सोडवलं कुणी? आमच्याकडच्या एका जुन्या डीटीपीवाल्या दादांनी. लग्नपत्रिका छापतात ते. त्यांनी विंडोज ९८ चा डबा माळ्यावर जपून ठेवलाय, फाँटच्या फ्लॉपीसकट. बायको दर दिवाळीला म्हणते भंगारात द्या, हे देत नाहीत. दोन रात्री बसून त्यांनी सगळी पानं उघडली, प्रिंट काढले, मजकूर युनिकोडमध्ये आणला. पैसे विचारले तर म्हणाले, "चहा पाजा." स्कमव्हीएमवाले आणि आमचे दादा यांच्यात मला काडीचाही फरक दिसत नाही. दोघांनाही जग रिकामटेकडे म्हणतं आणि दोघांच्या जिवावर जगाची आठवण टिकते.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत.

एक, ५२व्या कलमातली 'बिगर-डिजिटल' ही अट काढा. ग्रंथालयाने रीतसर मिळवलेली फ्लॉपी, सीडी, काहीही जतन करता आलं पाहिजे.

दोन, १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांना पुस्तकं आणि वृत्तपत्रांच्या प्रती ठरलेल्या ग्रंथालयांत द्याव्या लागतात. तसंच सॉफ्टवेअर, गेम आणि फक्त डिजिटल निघणाऱ्या मजकुरासाठीही करा.

तीन, जे सॉफ्टवेअर ठरावीक वर्षं विक्रीतच नाही ते ग्रंथालयात लोकांना बघू-वापरू द्या. मालक उद्या पुन्हा विकायला आला तर थांबवा, कुणाची हरकत नाही.

चार, आणि ही आपल्या जिल्ह्यासाठी. इथल्या प्रत्येक वृत्तपत्राने, नगरपालिकेने, साखर कारखान्याने आपल्या २००० च्या आसपासच्या फाइली आजच उघडून बघाव्यात. उघडत नसतील तर ज्यांना जमतं ती माणसं अजून हयात आहेत. दहा वर्षांनी नसतील. जिल्हा ग्रंथालयात एक जुना कॉम्प्युटर, एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि एक माणूस एवढ्याने काम सुरू होतं. एका सत्काराच्या शाल-श्रीफळ-मंडपाच्या खर्चात वर्ष निघेल.

युरोपात बघा. कंपन्यांनी विकलेले गेम परस्पर बंद पाडू नयेत म्हणून लोकांनी सह्यांची मोहीम काढली, २०२५ च्या जुलैत १० लाखांचा आकडा ओलांडला. कशावरून सुरू झालं? एका मोटारींच्या गेमचा सर्व्हर २०२४ मध्ये बंद केला, लोकांनी पैसे देऊन घेतलेली वस्तू रातोरात गायब. तिथले लोक गेमसाठी भांडतात, कारण त्यांना कळलंय की आज गेम गेला, उद्या पुस्तक जाईल, परवा तुमच्या पोराच्या बारशाचे फोटो जातील.

आणि तुम्हाला, वाचकांना, एक हात जोडून विनंती. दिवाळीची साफसफाई येईल तेव्हा माळ्यावरच्या फ्लॉपी, सीडी, गेमच्या पुस्तिका, जुने फाँट भंगारवाल्याला देऊ नका. त्यावर काय आहे ते चिठ्ठी लावून लिहा, कोरड्या जागी ठेवा, आणि मला कळवा. दादांचा डबा अजून चालू आहे. ज्या जाणत्या माणसाने फोन केला त्यांनाही सांगतो, साहेब, पाणीपुरवठ्याच्या मूळ योजनेची फाइल तुमच्या कार्यालयात कुठल्याशा सीडीवर आहे असं तुमचेच लोक सांगतात. एकदा उघडून बघा. नाही उघडली तर या, गेमवाले मदत करतील.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली येऊन भांडा, मी इथेच आहे.